न निघालेल्या धावांचा अभ्यास

२०१७ साली महाशिवरात्र २४ फेब्रुवारीला आली होती. औंढ्यात त्या दिवशी दर्शनाची रांग कुठवर जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. रांगेत तोंडी देवाचं नाव असतं, हातात मोबाइल. तिकडे पुण्याजवळ गहुंजेला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा दुसरा दिवस चालू होता. भारत ३ बाद ९४ असताना माझ्या पुढच्या पाहुण्याने समाधानाने फोन खिशात टाकला. रांग थोडी सरकली, त्याने पुन्हा फोन काढला, तर सर्वबाद १०५. "रेंज गेली वाटतं," म्हणत त्याने फोन बंद करून चालू केला. आकडा तोच. अकरा धावांत सात गडी.

मग रांगेत क्रिकेटवर प्रवचन रंगलं. कोण बेजबाबदार खेळला, कुणाला घरी बसवायला पाहिजे, आयपीएलने कसोटीची कशी वाट लावली. एवढ्या बोलण्यात स्टीव्ह ओकीफ हे नाव एकाच्याही तोंडी आलं नाही. त्याने ३५ धावांत सहा बळी घेतले होते, आणि पुढे दुसऱ्या डावातही बरोबर ३५ धावांतच सहा घेतले. आपल्या बातम्यांची भाषाही रांगेसारखीच आहे. डाव 'कोसळतो', 'गडगडतो', फलंदाजी 'ढेपाळते'. ही सगळी अकर्मक क्रियापदं. भिंत आपली आपणच पडली, पाडणारा कुणी नाही! मराठीत फलंदाजांवर कपाटभर लिहिलं गेलं आणि गोलंदाजांवर फळीभरसुद्धा नाही, याचं निम्मं कारण मला या क्रियापदांत दिसतं.

पुढची पानं त्या फळीसाठी आहेत. विषय साधा आहे. ज्या सामन्यात धावा कमी होतात आणि निकाल चेंडू टाकणाऱ्याच्या हातून लागतो, तो सामना वाचायचा कसा? या अभ्यासाला अजून नीट नाव नाही, आणि त्यामुळे कुणाची मक्तेदारीही नाही. मातीची जाण असलेला शेतकरी, आकड्यांचा नाद असलेला कारकून, वर्तमानपत्रांची कात्रणं जपणारी निवृत्त शिक्षिका, मैदानाच्या कडेला स्कोअर लिहिणारा मुलगा, सगळ्यांना इथे जागा आहे. येताना एक वही आणि भरपूर सवड घेऊन यावं. 'आज काही विशेष घडलं नाही' असं म्हणायची सवय तेवढी चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवावी.

कारण या विषयाचा कच्चा माल म्हणजेच न घडलेल्या गोष्टी. आमच्या तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान हालचाल. त्या यंत्राला बहुतेक वेळ काहीच ऐकू येणार नाही, तरी ते कान देऊन बसणार. निर्धाव षटक पाहणाऱ्याचं काम याहून फार वेगळं नाही. खर्च तेवढा कमी.

नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी, असं मला विचारलं तर मी १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्याचा धावफलक त्याच्या हाती देईन. मुंबई विरुद्ध तमिळनाडू, मद्रासचं चेपॉक मैदान. मुंबई १५१ आणि ११३, तमिळनाडू ८० आणि ६१. मुंबई १२३ धावांनी विजयी. चार डाव मिळून ४०५ धावा. हल्ली वीस-वीस षटकांच्या एका सामन्यात याहून जास्त होतात. २०२४ मध्ये बंगळुरूला हैदराबाद आणि बंगळुरूच्या संघांनी एका रात्रीत ५४९ केल्या. रणजीचा तो सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर संपला. मुंबईचं ते ओळीने पंधरावं विजेतेपद.

आता हा धावफलक फलंदाजाच्या बाजूने वाचला तर वाचायला काहीच नाही. कुणी वीस, कुणी चार, कुणी भोपळा. तोच गोलंदाजीच्या रकान्यातून वाचायला घेतला की पान बोलू लागतं. पद्माकर शिवलकर पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. दुसऱ्या टोकाने एकनाथ सोलकर, २३ धावांत ५. म्हणजे दुसऱ्या डावाचे दहाही गडी दोन डावखुऱ्यांनी पाच-पाच असे वाटून घेतले. समोर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार यांच्यासारखे फिरकीपटू होते. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे, आणि खेळपट्टी वळणारी होती ती काही फक्त मुंबईसाठी नव्हे. तरी मुंबईने १५१ केल्या आणि तमिळनाडूला ८० च करता आल्या. या ७१ धावांच्या फरकात काय दडलंय ते शोधणं, हा या विषयातला पहिला धडा समजा. माझं मत विचाराल तर तो फरक टप्प्याचा आहे. वळणाऱ्या खेळपट्टीवर चेंडू वळवणं कुणालाही जमतं. फलंदाजाला पुढेही येता येऊ नये आणि मागेही जाता येऊ नये अशा ताटाएवढ्या जागेत तो पुन्हा पुन्हा टाकणं थोड्यांनाच साधतं. शिवलकरांनी हे वर्षानुवर्षं केलं. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी १९.६९. कसोटी एकही नाही, कारण त्यांच्या काळात भारताकडे बिशनसिंग बेदी होते. शिवलकर गातही चांगले. २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा पुष्कळांनी त्यांच्या नशिबाविषयी लिहिलं. टप्प्याविषयी त्या मानाने फारच थोडं लिहिलं गेलं.

सोलकरांबद्दल एक गोष्ट जाता जाता. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करीत. पोरगं माती बघतच मोठं झालं. आजही सोलकर म्हटलं की लोकांना शॉर्ट लेगवरचे झेल आठवतात, गोलंदाजी आठवत नाही. त्या ६१ धावांच्या डावापुरती तरी ती आठवायला हवी.

दुसरा धडा अवघड आहे, कारण त्यात बळीच नाहीत. बापू नाडकर्णी मूळचे नाशिकचे, जन्म १९३३ चा, डावखुरे फिरकीपटू. १२ जानेवारी १९६४ ला मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी ओळीने २१ षटकं निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. त्या डावातलं त्यांचं पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. त्यांच्याविषयी अशी गोष्ट सांगतात, की सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर एक नाणं ठेवत आणि त्यावर चेंडू टाकत राहत. नाण्याची गोष्ट इतकी गोड आहे की तिच्यामुळे अभ्यास बिघडतो. आपण नाण्याला दाद देतो आणि पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात.

ते प्रश्न असे. समोर खेळत कोण होतं? ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. दोघंही चिवट, आणि त्या दिवशी धावा काढायची फारशी घाई नसलेले. म्हणजे त्या १३१ चेंडूंमध्ये गोलंदाजाचा वाटा किती आणि बॅटचा किती? मग निकालाचं काय? सामना अनिर्णित राहिला. इतकंच काय, त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. आणि विक्रम नेमका कशाचा? सलग निर्धाव षटकांचा म्हणाल तर नाडकर्णींचा. सलग निर्धाव चेंडूंचा म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफिल्डचा, १३७ चेंडू. त्याच्या वेळी तिकडे आठ चेंडूंचं षटक असे, म्हणून त्याची षटकं कमी भरतात. एकाच गोष्टीला मोजायच्या दोन फूटपट्ट्या, आणि विक्रमवीर दोन. हे समजल्यावर नाडकर्णी लहान होत नाहीत. ४१ कसोट्यांत षटकामागे सरासरी १.६७ धावा देणारा माणूस एका दुपारच्या योगायोगाने घडत नसतो. शिवाय १९६४-६५ मध्ये मद्रासलाच त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका सामन्यात ११ बळी घेतले होते. तो सामना भारत हरला, म्हणून तोही विस्मरणात गेला.

स्कोअरबुक लिहिणाऱ्यांची एक जुनी रीत इथे सांगितली पाहिजे. धाव न निघालेल्या चेंडूला टिंब. षटकाच्या चौकोनात तीन-तीनच्या दोन ओळींत सहा टिंबं पडली, की स्कोअरर ती रेघेने जोडतो आणि इंग्रजी 'एम' हे अक्षर उमटतं: मेडन. त्यात बळी असेल तर तीच टिंबं उलटी जोडून 'डब्ल्यू'. मद्रासच्या त्या वहीत नाडकर्णींच्या नावापुढे सत्तावीस 'एम' उमटायचे होते. ज्याने कुणी ती वही लिहिली, त्याची पेन्सिल मला पाहायला आवडली असती.

आता मातीकडे वळू. या बाबतीत औंढेकराला थोडा अधिकार आहे असं मी मानतो. एक तर आमचं सगळं शिवार काळ्या मातीचं. आणि दुसरं म्हणजे नामदेव महाराजांच्या कीर्तनासाठी इथलं अख्खं देऊळ फिरल्याची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. नंदी मागच्या बाजूला का, याचं उत्तर म्हणून ती सांगतात. देऊळ फिरू शकतं त्या गावच्या माणसाने चेंडू फिरण्यावर चार शब्द बोलायला हरकत नसावी.

काळी माती पाणी पिते, फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात आमच्या वावरात पडलेल्या भेगेत टेनिस बॉल गेला तर हात घालायला पोरं घाबरतात, विंचवाच्या भीतीने. हीच माती दाबून, रोलर फिरवून खेळपट्टी केली की चेंडू संथ येतो, खाली राहतो. लाल माती लवकर सुकते, तिच्यावर चेंडू उसळी घेतो, आणि सुटी होऊ लागली की उसळत वळतो. वानखेडे लाल मातीचं. २०२४ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्ध पुण्याला काळ्या मातीची खेळपट्टी होती. मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले आणि भारत ११३ धावांनी हरला. आठवड्याभरात मुंबईच्या लाल मातीवर १४७ चा पाठलाग करताना भारत १२१ मध्ये आटोपला. तिथे एजाज पटेलचे ११ बळी. हा एजाज मुंबईतच जन्मलेला, लहानपणी न्यूझीलंडला गेलेला. त्याच वानखेडेवर २०२१ मध्ये त्याने एका डावात दहाच्या दहा घेतले होते, आणि त्याच सामन्यात त्याचा संघ ६२ धावांत गारद झाला होता. दोन शहरं, दोन माती, दोन डावखुरे. एकाला संथपणा कामी आला, दुसऱ्याला उसळी. 'फिरकीला साथ देणारी खेळपट्टी' एवढं म्हणून थांबणारा समीक्षक म्हणजे 'पीक बरं आहे' एवढंच म्हणून बांधावरून परत जाणारा पाहुणा.

पण मातीचं फार कौतुकही नको. नोव्हेंबर २००४ ची वानखेडे कसोटी घ्या. पहिला दिवस बहुतांश पावसाने खाल्ला आणि उरलेला सामना दोन दिवसांत संपला. भारत १०४ आणि २०५, ऑस्ट्रेलिया २०३ आणि ९३. विजयासाठी १०७ हव्या असताना ऑस्ट्रेलिया १३ धावांनी हरली. हरभजनने दुसऱ्या डावात २९ धावांत पाच घेतले, दोन्ही डावांत मिळून सात बळी घेणारा मुरली कार्तिक सामनावीर ठरला. इथवर कुणालाही वाटेल, की गोलंदाजीचा हा केवढा उत्सव! मात्र मधल्या एका ओळीवर नजर अडखळते. मायकेल क्लार्क, ६.२ षटकं, ९ धावा, ६ बळी. क्लार्क मुळात फलंदाज, गोलंदाजी हाताला चाळा म्हणून. ज्या खेळपट्टीवर हौशी हात नऊ धावांत सहा बळी घेतो, तिथल्या प्रत्येक पृथक्करणाला थोडं मीठ लावूनच घ्यायला हवं. कमी धावा झाल्या म्हणजे गोलंदाजी थोर होतीच, असं नाही. या विषयात येणाऱ्याने ही शंका पहिल्या दिवसापासून जवळ बाळगावी.

आणि तरीही गहुंजे २०१७ मला वेगळं वाटतं. ती खेळपट्टी निकृष्ट असल्याचा शेरा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनेच मारला होता, ते मान्य. पण माती तर दोन्ही संघांना सारखी होती. अश्विन आणि जडेजाचे चेंडू भरपूर वळत होते, इतके की पुष्कळदा बॅटची कड चुकवून जात. ओकीफने वेगळं केलं. सरळ, स्टंपांच्या रोखाने टाकत राहिला. भारतीय फलंदाज वळणार म्हणून खेळले आणि काही चेंडू वळलेच नाहीत. म्हणजे वळणाऱ्या खेळपट्टीवर न वळलेल्या चेंडूंनी बळी घेतले! फलंदाज मातीशी खेळत होते आणि ओकीफ त्यांच्या अंदाजाशी. भारत १०५ आणि १०७. ऑस्ट्रेलिया ३३३ धावांनी विजयी. रांगेतल्या पाहुण्याला हे सांगायला हवं होतं, पण मलाही ते नंतर, दोन्ही डाव चेंडूगणिक पुन्हा पाहिल्यावर कळलं.

इतिहासाची वाट धरणाऱ्याला पळवणकर बाळू भेटतील, आणि त्यांच्यापाशी बराच मुक्काम करावा लागेल. जन्म १८७६ चा, जात चांभार, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायची नोकरी. तिथे जे. जी. ग्रेग या फलंदाजाला ते तासन् तास सराव देत. बाद केल्यागणिक तो त्यांना आठ आणे देई असं सांगतात. फलंदाजी मात्र त्यांना तिथे कधी करू दिली नाही. बॅट साहेबाच्या हाती, घाम नोकराचा. पुढे हिंदू संघात घेतल्यावरही चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, जेवण वेगळ्या पंगतीला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच डावखुऱ्या हाताने ११४ बळी घेतले. डाव 'कोसळला' म्हणणारी आपली भाषा पाडणाऱ्याचं नाव का गाळते, या प्रश्नाचा एक धागा थेट इथवर येतो असं मला वाटतं. हे सिद्ध करणं पुढच्या अभ्यासकाचं काम.

शेजारच्या घरातही डोकावून यावं. बेसबॉलमध्ये फेकणारा आणि मारणारा यांच्यात ६० फूट ६ इंचांचं अंतर. आपल्याकडे एका पॉपिंग क्रीझपासून दुसऱ्यापर्यंत ५८ फूट. म्हणजे द्वंद्व जवळजवळ सारख्याच अंतरावरचं. फरक इतकाच, की तिथे चेंडू जमिनीला लागत नाही. ९ सप्टेंबर १९६५ ला लॉस एंजेलिसच्या सँडी कोफॅक्सने शिकागोच्या २७ पैकी एकाही बॅटरला बेसवर पाय ठेवू दिला नाही. समोरच्या बॉब हेंडलीने सगळ्या सामन्यात एकच हिट दिली, आणि गंमत म्हणजे एकुलती एक धाव त्या हिटवर निघालीच नाही. एक चाल फुकट मिळाली, एक बळी देऊन पुढे सरकवली, एक बेस चोरला आणि कॅचरची फेक चुकली. सामना १-० असा संपला. हेंडलीची ती रात्र वाचताना मला नेहमी मद्रासला अकरा बळी घेऊन हरलेले नाडकर्णी आठवतात.

बेसबॉलमध्ये माती नाही म्हणावं तर तीही आहे. पिचर एका उंचवट्यावर उभा राहतो. १९६८ मध्ये पिचर मंडळी इतकी वरचढ झाली, की बॉब गिब्सनने नऊ डावांमागे सरासरी १.१२ धावा दिल्या आणि अमेरिकन लीगचा अव्वल फलंदाज .३०१ वर थांबला. लगेच १९६९ पासून तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. पाच इंच माती काढून फलंदाजांना न्याय दिला! आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल असतात, जिल्ह्याजिल्ह्यांत मुली हे खेळ जीव तोडून खेळतात. त्यांच्यातल्या एखादीने हा तुलनेचा भाग हाती घेतला तर आम्हा क्रिकेटवाल्यांपेक्षा तो चांगला होईल.

व्यावसायिक क्रिकेटचं म्हणाल तर वीस षटकांचा खेळ फलंदाजांसाठीच बांधलेला आहे. त्यातही २१ मे २०१७ सारखी रात्र उगवते. आयपीएलचा अंतिम सामना, हैदराबादला, मुंबई विरुद्ध पुणे. मुंबई १२९, पुणे १२८. शेवटच्या षटकात पुण्याला अकरा हव्या होत्या. मिचेल जॉन्सनच्या पहिल्या चेंडूवर चौकार गेला, पुढच्या दोन चेंडूंवर दोन झेल, आणि षटकात नऊच निघाल्या. सामनावीराचा मान मात्र ४७ धावा करणाऱ्या कृणाल पंड्याला. त्याच्या खेळीविना मुंबई शंभरीच्या आसपास अडकली असती, म्हणून मी तक्रार करत नाही. नोंद करून ठेवतो.

शेवटी वहीबद्दल. दोन वर्षांमागे हरभरा निघालेल्या वावरात पोरांचे टेनिस बॉलचे सामने चालले होते, मी कडेला बसलो होतो. स्कोअर लिहिणारा पोरगा सातवीतला. चौकार-षटकार तो ठसठशीत लिही. धाव निघाली नाही की चौकोन कोरा सोडी. मी त्याला टिंब काढायला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "सर, काहीच झालं नाही, ते बी लिव्हायचं?"

"लिही."

दुसऱ्या डावात त्याने टिंबं काढायला घेतली. एका टोकाने एक किडकिडीत पोरगा टाकत होता, धाव चारच पावलांची, चेंडू पडे तो नेमका एका भेगेच्या काठावर. पाच षटकांत वहीचं ते पान मुंग्या लागल्यासारखं दिसू लागलं. बॅटिंगवाल्यांचा कॅप्टन तणतणत आला, पोराच्या खांद्यावरून वाकून वही बघत राहिला, आणि मग मैदानाकडे तोंड करून ओरडला, "त्या अंगाने टाकतंय कोण रे?"